मीटरवर ओल

पिवळा दिवा पेटलेलाच ठेवून
मुतगेकरबाई पिरनवाडीत आल्या.
खानापूरच्या कोर्टात दुभाष्याचं काम,
रोज जाऊन येऊन बावन्न किलोमीटर.
"देसूरच्या चढाला हिला दम लागतो," म्हणाल्या,
"आणि फाटकापाशी उभी केली की थरथरते,
आज हिचीच साक्ष असल्यागत."

आधी दोन गॅरेजं झालेली.
एकानं व्हॉल्व्ह बदलला, दुसऱ्यानं सेन्सर,
ऑइल दोघांनीही.
बिलं तारीखवार टाचलेली,
आणि काढलेला जुना व्हॉल्व्ह कॅरीबॅगेत,
मुद्देमालासारखा.

स्कॅनर लावला.
पी शून्य शून्य एक शून्य.
कॅमशाफ्टची वेळ पुढंमागं करणारं जे सोलेनॉइड,
त्याच्या सर्किटात काहीतरी.
स्कॅनर गल्ली सांगतो,
घर आपण हुडकायचं.

जुना व्हॉल्व्ह मोजला: सात पूर्णांक दोन ओहम.
नवा मोजला: तेवढाच.
म्हणजे जुन्याचा गुन्हाच नव्हता.
बाई बोलल्या काही नाहीत,
कॅरीबॅगेची गाठ तेवढी पुन्हा मारली.

बसू बैलहोंगलचा, चार महिने झाले माझ्याकडं.
त्याला दाखवलं, हे बघ,
व्हॉल्व्हनं तोंड कधी उघडायचं ते तेलाच्या हातात,
तेलानं कुठं वळायचं ते या दांडीच्या,
आणि दांडीला हलवतो करंट,
जो येतो या दोन तारांतनं.
"वायर होद्र एल्ला होतु," तो म्हणाला.
तार गेली की सगळं गेलं. खरंय.

चावी ऑन. एका पिनवर बारा व्होल्ट, चोख.
दुसरी कॉम्प्युटरकडं जाते,
तिथनं ग्राउंड मिळतो तो तुकड्यातुकड्यानं,
सेकंदाला शेकडो वेळा हो-नाही हो-नाही.
बॅटरी सोडली, तारेच्या दोन्ही टोकांना प्रोब.
मीटर कुईं वाजला.
तार सलग.

बाकीचे इथंच थांबले असणार.
मीपण थांबलोय एकदा.
येळ्ळूरच्या एका माणसाला अख्खा कॉम्प्युटर घ्यायला लावला,
दोष निघाला एका सैल पिनेत.
अजून भेटला की नमस्कार करतो तो.
तेच टोचतं.

म्हणून बसूला म्हटलं, तू मीटर बघ,
मी तार हलवतो.
सोलेनॉइडपासनं मागं, बोटभर, बोटभर,
पट्टीखालनं, पाइपाला घासून,
जिथं हात जात नाही तिथं दोन बोटं...

"अण्णा, ओल!"
"कुठं? फडका दे."
"मीटरवर. ओ, एल. ओल म्हणालंय."

हसलो.
ती इंग्रजी अक्षरं, वाट तुटली एवढाच अर्थ.
पण पोरानं मराठी नुकतीच शिकायला घेतलीय,
दिसेल त्यात तीच वाचतो.
बोट काढलं, कुईं.
बोट ठेवलं, ओल.

टेप उकलली. वरनं निळी, गुळगुळीत, कालची वाटावी.
एका जागी टाचणीएवढं भोक:
कुणीतरी कधीतरी तपासताना
प्रोबचं टोक खुपसलेलं.
ब्लेडनं सोललं तर आत तांबं हिरवं,
भुगा झालेलं, एक धागा दुसऱ्याला
जेमतेम टेकलेला.

पाणीच शिरलं होतं की.
पोराचं बरोबर होतं.

बाईंनी चष्मा वर करून बघितलं.
"गप्प बसवली तर नीट बोलते,
हलवली की वाचा जाते?"
"तसंच."
"असे साक्षीदार येतात आमच्याकडं.
खोटे नसतात ते."

कुजका तुकडा कापला, डाग दिला, स्लीव्ह चढवली.
गाडी सुरू केली, आवाज ऐकत
आम्ही तिघंही उगाच बॉनेटपाशी उभे.
साडेतीनशे झाले.
जुना व्हॉल्व्ह बाईंनी बसूला देऊन टाकला,
"निर्दोष आहे," म्हणाल्या.

रात्री शटर ओढताना नोंदवही बघितली.
गोल गोल, कन्नड वळणाची अक्षरं:
निळा तार. ओल होता.

लिंग चुकलंय दोन्हीकडं.
पेन हातात होतं,
ठेवून दिलं.